बोलकीला इंग्रजीत काय म्हणतात?

ताई,

परवा भाऊजींनी मला विचारलं, "विजू, आपलं फाटक वाजते, तुले मालूम होतं काय?"

लग्नाआधीपासून ते त्याच घरात राहतात. फाटक उघडताना करकरतं, हे त्यांना तू गेल्यावर कळलं. इतकी वर्षं त्या फाटकाला तू बोलायची संधीच दिली नव्हतीस.

दुपारी जेवून तू आडवी झालीस आणि झोपेतच गेलीस. कुणालाही न सांगता केलेली तुझ्या आयुष्यातली बहुधा ही एकच गोष्ट. दुसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, पेपरात द्यायला चार ओळी लिहून दे. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला चार ओळी जड जाऊ नयेत. शिक्षण, वकिली, सगळं लिहून झालं आणि 'स्वभावाने' या शब्दापाशी मी अडले. स्वभावाने काय? बडबड्या? वाचाळ? बोलघेवड्या? एकही शब्द तुझ्या फोटोखाली ठेववेना. शेवटी 'मनमिळाऊ' लिहून सुटका करून घेतली. ते तू वाचलं असतंस तर पेपर माझ्यासमोर आपटला असतास. "मनमिळाऊ तर शेजारच्या कुत्र्यालेही म्हणते लोकं!"

म्हणून हे पुन्हा लिहायला बसले. आपला तो वाद मिटलेला नाही, ताई.

वाद सुरू झाला तो दिवस मला आठवतो. आपण अमरावतीच्या घरी होतो. बाबांची वकिली पुढच्या खोलीत चालायची आणि खेड्यांवरून आलेले पक्षकार सतरंजीवर बसलेले असायचे. तू शाळेतून धावत आलीस, दप्तर दारात टाकलंस आणि त्या सगळ्यांच्या देखत ओरडलीस, "बाबा, मले सरांनी इंग्रजीत नाव देलं!"

"काय नाव?"

"चॅटरबॉक्स!"

बाबांनी चष्मा वर केला. हसू त्यांनी मिशीतच ठेवलं. कपाटातला जाडा शब्दकोश काढला आणि पक्षकाराला दस्त वाचून दाखवावा तसा गंभीरपणे अर्थ वाचला. फार बडबड करणारी व्यक्ती, विशेषतः लहान मूल.

"आन् बॉक्स म्हणजे?"

"पेटी."

"वाजवाची पेटी?"

सतरंजीवरचे सगळे हसले. बाबा शब्दकोश मिटून म्हणाले, "हाव. वाजवाची पेटी."

मग काय! गल्लीभर सांगत फिरलीस की सरांनी तुला वाजवायची पेटी म्हटलं. मी तुझ्या मागे मागे. माझं नाव कुणी इंग्रजीत ठेवलं नव्हतं, कारण मी वर्गात तोंडच उघडत नसे. आपल्या दोघींच्या वाट्याचं बोलणं तूच बोलून टाकायचीस. पाहुण्यांनी मला "कितवीत आहेस?" विचारलं तरी उत्तर तू द्यायचीस.

पुढे मी इंग्रजी शिकले आणि त्या शब्दावर हक्क सांगायला लागले. तुला समजावलं की हा शब्द लाडाचा आहे, पण त्यात थोडं दटावणंही आहे. तो लहान मुलांना शोभतो. मोठ्या बाईला म्हटलं तर गंमत होते, किंवा अपमान.

"मंग मोठ्या बाईले काय म्हणते?"

"टॉकेटिव्ह."

"हा तर रिपोर्टात लिहाचा शब्द आहे. दुसरा सांग."

"गॅर्युलस."

"म्हणजे?"

"फालतू गोष्टींवर लांबण लावणारी. म्हाताऱ्या माणसांसाठी जास्त वापरतात."

"तू म्हातारी! अजून सांग."

"लोक्वेशियस."

हा शब्द तुला आवडला, कारण तो उच्चारताना तोंड भरतं. पण मी सांगितलं की तोही पूर्ण कौतुकाचा नाही, त्यातही एक भुवई वर गेलेली असते. तेव्हा तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी आजवर देऊ शकलेली नाही. "विजू, लय बोलते आन् तिचं बोलणं आयकाव वाटते, अशा बाईले तुह्या इंग्रजीत एकही शब्द नाही? आपल्यात आहे ना. बोलकी. बोलकीले काय म्हणते?"

मी म्हणाले, शोधून सांगते. तू प्रत्येक दिवाळीला विचारायचीस, "सापडला काय वं?" मी नवा शब्द आणायची आणि वकीलबाई उलटतपासणी घेऊन तो फेटाळायची.

लग्न होऊन तू अकोल्याला गेलीस, तिथल्या कोर्टात उभी राहिलीस, आणि बोलणं हाच तुझा धंदा झाला. संध्याकाळी मी कणीक मळायला घेतली की तुझा फोन यायचा. मी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायची आणि तू सुरू व्हायचीस. कोर्टात कोण काय बोललं, भाजीवालीच्या सुनेला काय झालं, भाऊजी गणिताचे पेपर तपासताना स्वतःशीच कसे हसतात. माझ्या पोळ्या होईपर्यंत ते चालायचं. माझ्याकडून एखादं "हं" पुरायचं. पुण्याच्या तुझ्या चुलतजावा तुला हसायच्या, "अगं, बाई असून 'मी बोलतो' काय म्हणतेस!" तू त्यांनाच वऱ्हाडी शिकवून परत पाठवायचीस.

मग तुझा आवाज बसला. आधी आपल्याला वाटलं, कोर्टात ओरडून बसला असेल. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. आवाज सुटेना, घास अडकू लागला, तेव्हा भाऊजी तुला नागपूरला घेऊन गेले. तंबाखू नाही, सुपारी नाही, तरी गाठ निघाली आणि ती स्वरयंत्रावरच होती. डॉक्टर चांगले होते, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचवायचा तर व्हॉइस बॉक्स पूर्ण काढावा लागेल, असं सांगितलं. श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल. आवाज येणार नाही.

मी तुझ्याकडे बघायचं टाळत होते. तू माझा हात ओढलास आणि त्या बसलेल्या, खरखरत्या आवाजात म्हणालीस, "आयकलं काय वं? बॉक्स काढून राहिले. चॅटर राहू देतीन ना?"

डॉक्टरांना कळेना हसावं की नाही. भाऊजी उठून बाहेर गेले.

त्या ऑपरेशननंतरच्या दिवसांबद्दल तू कधी बोलली नाहीस. सगळ्या जगाबद्दल बोललीस, त्याबद्दल नाही, आणि मलाही विचारायचं धाडस झालं नाही. पहिल्यांदा शुद्धीवर येऊन तू तोंड उघडलंस आणि काहीच बाहेर आलं नाही, तेव्हा तुला काय वाटलं असेल? मी तिथेच होते. तुझे ओठ हलत होते. तू चहावर फुंकर घालू शकत नव्हतीस, कारण फुंकर आता गळ्यातून जायची. तू रडलीस तेव्हा त्यालाही आवाज नव्हता. नुसते खांदे हलत होते.

घरी तुला पाटी-पेन्सिल दिली. तू दोन दिवसांत ती ठेवून दिलीस. त्या पाटीवर शेवटचं लिहिलंस ते मला अजून दिसतं: 'मी लिहिते तोवर लोक दुसरीकडे पाहतात.' गळ्याला लावून बोलायचं यंत्रही आणलं होतं. तेही ठेवून दिलंस. त्याचा आवाज सगळ्यांना सारखाच येतो, आणि तुला तुझा हवा होता.

पण संध्याकाळचा फोन तू बंद केला नाहीस. हे मला आजही खरं वाटत नाही. फोन वाजायचा, पलीकडे फक्त श्वास, आणि मग बांगडीची टकटक. एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही. बोलायचं मी! आयुष्यभर "हं" म्हणणारी मी. पहिल्या दिवशी मी तुला पोळ्या किती झाल्या ते सांगितलं आणि गप्प झाले. तुझी बांगडी थांबेना. मग शाळेतलं सांगितलं. मग शेजारचं. काही आठवड्यांनी मी अशा गोष्टी सांगायला लागले ज्या कुणालाच सांगितल्या नव्हत्या, ह्यांच्या आजारपणात मी देवाशी काय भांडले होते तेसुद्धा. कणीक वाळून जायची आणि मी बोलत असायची. एवढ्या उशिरा मला बोलतं केलंस, आणि तेही स्वतःचा आवाज गेलेला असताना. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. बहिणी एकमेकींचे आभार मानत नाहीत, पण मानायला हवे होते.

तिकडे तू काय करून राहिली होतीस ते तू मला कळू दिलं नाहीस. नागपूरला बोलणं शिकवणारी एक तरुण बाई होती. तिने तुला सांगितलं होतं की हवा गिळायची आणि ढेकर देतो तशी वर आणायची. अन्ननलिकेचा वरचा भाग थरथरतो, त्याचा आवाज होतो, तोंडाने त्याचे शब्द करायचे. ऐकायला सोपं आहे. भाऊजी सांगत होते, महिनोन् महिने तू न्हाणीघरात दार लावून बसायचीस आणि आतून नुसती गुडगुड ऐकू यायची. पोट हवेने फुगायचं, दुखायचं. तू घामेघूम होऊन बाहेर यायचीस आणि पुन्हा आत जायचीस.

एका संध्याकाळी फोन वाजला. मी सवयीने बोलायला सुरुवात केली, तर पलीकडून बांगडी वाजली नाही. एक जाडाभरडा, खोल आवाज आला. एखादा पुरुष बोलतोय असं वाटलं. मी विचारलं, "कोण?"

"चॅ... टर... बॉक्स."

कणकेच्या हातानेच मी फोन उचलून कानाला लावला. पुढे काय बोलले ते आठवत नाही. तू दुसरं काही बोललीच नाहीस. तेवढंच पुन्हा म्हणालीस, जरा स्पष्ट.

नंतर कळलं की यात निव्वळ थट्टा नव्हती. त्या शिकवणाऱ्या बाईने सांगितलं होतं की च, ट, प, क या अक्षरांना जीभ आणि ओठ आपटतात, त्यानेच हवा घशात ढकलली जाते. म्हणून असे शब्द आधी येतात. बाकीच्या पेशंटांना ती 'काका', 'टाटा', 'पापड' म्हणायला लावायची. तू तिला म्हणे लिहून विचारलंस, माझ्याकडे एक शब्द आहे, चालेल का? तिने म्हणून पाहिला आणि म्हणाली, याहून चांगला शब्द मी शोधूनही दिला नसता. मी वर्षानुवर्षं त्या शब्दाचा अर्थ आणि वापर मुलींना शिकवला. असा वापर मला कुठल्या पुस्तकात मिळाला नसता.

एका दमात चार-पाच अक्षरं, मग हवा गिळायची, मग पुढची चार-पाच. जिला वाक्य संपवायचं माहीत नव्हतं तिला हे असं बोलावं लागत होतं. आवाज पुरुषी झाला म्हणून भाऊजींना वाईट वाटायचं. तू पुण्याला फोन लावून जावांना सांगितलंस, "आता आवाजही... 'बोलतो'चाच... झाला."

मग तू कपाटातून काळा कोट बाहेर काढलास.

बार्शीटाकळीची ती वनिता, नवऱ्याने टाकलेली. तिचं पोटगीचं प्रकरण तुझ्याकडे होतं. तुझ्या आजारपणात दुसऱ्या वकिलांनी हात पुढे केला, पण ती ऐकेना. "माह्या वकीलबाई येतीन तवाच बोलतीन," म्हणायची आणि पुढची तारीख घेऊन जायची. त्या दिवशी मी शाळेला सुट्टी होती म्हणून आले होते आणि मागच्या बाकावर बसले होते. मे महिना, अकोल्याचं ऊन, खोलीत माणसं खच्चून भरलेली. तुझ्या गळ्यावर पांढरा जाळीचा रुमाल, त्यावर वकिलांचा पांढरा पट्टा.

समोरचा वकील उठला आणि फार सौजन्याने म्हणाला, "बाईंना त्रास होतोय, साहेब. त्यांनी लेखी युक्तिवाद द्यावा, आमची हरकत नाही."

तू उभी राहिलीस. हवा घेतलीस. "तोंडी," म्हणालीस.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तो आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं, त्यात त्यांचा दोष नाही. न्यायाधीशांनी कानामागे हात नेला. वर पंखा घरघरत होता. ते वर बघून शिपायाला म्हणाले, "पंखा बंद करा."

मे महिन्यात, ताई. अकोल्यात.

पंखा थांबला आणि त्या खोलीत कुणी हललं नाही. घाम वकिलांच्या कॉलरीतून खाली ओघळत होता. तू एकेक तुकडा बोलत गेलीस. "हा माणूस. म्हणतो, काम नाही. शेत आहे. विहीर आहे. बागेत. संत्रा आहे. मोटरसायकल. नवी आहे. फक्त. बायकोपुरता. तो गरीब आहे." दोन तुकड्यांच्या मधे तू हवा घ्यायचीस आणि सगळी खोली तुझ्याबरोबर थांबायची. वाट बघायची. मी तुला आयुष्यभर ऐकलं होतं, अर्ध्या कानाने, पोळ्या लाटता लाटता. त्या दिवशी पन्नास माणसं श्वास रोखून तुझ्या पुढच्या शब्दाची वाट बघताना पाहिली. वनिताला पोटगी मिळाली, ती नंतर. मला आठवतो तो न फिरणारा पंखा.

त्या संध्याकाळी तुझ्या अंगणात बसून मी म्हणाले, आता तुला नवा शब्द लावावा लागेल. टॅसिटर्न, म्हणजे मितभाषी. तू अशी भडकलीस!

"मी कमी... नाही बोलत," तू म्हणालीस. "हयू... बोलतो."

कमी आणि हळू यांतला फरक तू इंग्रजीच्या बाईला शिकवलास.

मग तुझे रविवार सुरू झाले. आवाज गेलेली माणसं कुठून कुठून यायची. मूर्तिजापूर, दर्यापूर, कोण कुठलं. बहुतेक तंबाखूची. तुझ्या बैठकीत चटईवर बसून सगळे मिळून हवा गिळायचे आणि ढेकरा द्यायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना आणि तू मला हसू दिलंस. प्रत्येकाला तू एकच विचारायचीस, पहिल्यांदा काय बोलायचंय? एकाने बायकोचं नाव लिहून दिलं. त्यात एकही सोयीचं अक्षर नव्हतं. तू त्याला वर्षभर त्याच नावावर बसवलंस आणि आलं तेव्हा बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारायला लावलीस.

आता तू गेल्यानंतरचं सांगते, कारण हे तुला कळायला हवं.

दहाव्याला घर भरलं होतं. सगळे खाली मान घालून बसलेले. कुणाला काय बोलावं सुचत नव्हतं. बोलायचं काम त्या घरात नेहमी दुसरंच कुणी करायचं. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, टोपी, गळ्याला रुमाल. परतवाड्याहून सकाळची एसटी धरून आले होते. त्यांनी तुझ्या फोटोला हात जोडले आणि खाली बसले. लोकांनी त्यांना जागा करून दिली आणि नजर वळवली. मुका माणूस आहे, बसेल आणि जाईल, असं सगळ्यांना वाटलं असणार.

त्यांनी हवा घेतली. "बाईनं मले... बोलाले... शिकवलं."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. तोच आवाज होता. तोच खोल, जाडाभरडा आवाज, तसाच चार-चार अक्षरांनी येणारा. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते, ते सरळ झाले.

आणि मग ते गृहस्थ बोलतच राहिले. तू त्यांना पहिल्या दिवशी कशी रागावलीस, "घाई करू नोका, हवा गिया, मंग बोला." पहिल्यांदा बैलाला हाक मारली तेव्हा बैल कसा बुजला. नातीला गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, आबा, राक्षसाचा आवाज तुमीच काढा. यंदाचा संत्र्याचा बहार. येताना कंडक्टरशी झालेलं भांडण, आणि ते भांडण ते कसे जिंकले. मधेच कुणीतरी हसलं, दहाव्याच्या घरात, आणि मग सगळेच हसले. आतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. चहा आला, निवला. तुकड्यातुकड्यांनी त्यांचं बोलणं येत राहिलं, आणि मधल्या प्रत्येक थांबण्यात सगळं घर वाट बघत होतं.

मग एकाएकी त्यांचं लक्ष गेलं. सगळे आपल्याकडे बघतायत हे त्यांना जाणवलं. त्यांनी रुमाल नीट केला, ओशाळून भाऊजींकडे पाहिलं.

"माफ करा... साहेब. मी... लयच... बोललो काय?"

भाऊजींनी डोळे पुसले. सरकत सरकत ते त्यांच्याजवळ जाऊन बसले, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

"नाही हो," ते म्हणाले. "बोला. तुमची गाडी संध्याकायची आहे ना? मंग बोला."